चष्मेवाल्याने समुद्राचा तळ कसा पाहावा?

आमच्या कळवण तालुक्यात ज्यांचे बालपण मळ्यात गेले, त्यांना पोहण्याचे निराळे शिक्षण कधी मिळाले नाही. पाठीस वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलून दिले, की चार दिवसांत हातपाय आपोआप चालू लागत. विहिरीत टाकलेला पैसा बुडी मारून तळातून काढून आणणे, हा त्या वयातील मोठा पुरुषार्थ. परंतु ज्याने पाण्यात डोळे उघडून तो पैसा शोधला आहे त्यास हे पक्के ठाऊक असेल की, खाली गेल्यावर पैसा म्हणून काही दिसत नाही. दिसतो तो केवळ एक पांढुरका डाग, आणि शेवटी तो हाताने चाचपडूनच उचलावा लागतो. पाणी नितळ, डोळे तरुण, ऊन डोक्यावर, आणि तरी दृष्टी अधू! असे का व्हावे, हा प्रश्न विहिरीच्या काठी कोणी विचारीत नसे. तो विचारण्याचा प्रसंग आता मालवणच्या समुद्राने आणला आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती आणि तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याची सोय झाल्यापासून आमच्या घाटावरील कुटुंबेही सुट्टीत तिकडे जाऊ लागली आहेत. या साधनाचे मूळ १९४३ सालातील. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी त्या वर्षी मागणीप्रमाणे हवा पुरविणारी झडप सिद्ध केली, आणि मनुष्य दोरीनळीच्या बंधनावाचून पाण्याखाली हिंडू लागला. आज त्यास सर्वत्र ‘स्कूबा’ म्हणतात. मालवणास पोहता न येणाऱ्यासही शिक्षक हाताशी धरून काही मीटर खाली नेतो, मासे दाखवितो, आणि वर आणून सोडतो. यात अडचण एकच. सुशिक्षित घरांत आज निम्म्या माणसांच्या नाकावर चष्मा असतो, आणि होडीत बसताक्षणी पहिली आज्ञा होते ती ‘चष्मा काढून ठेवा’ ही. ज्याचा नंबर एक-दीड आहे त्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. ज्याचा सहा-सात आहे, तो पैसे मोजून समुद्राच्या तळाशी जातो आणि विहिरीतला तोच पांढुरका डाग पाहून परत येतो.

प्रथम कारण पाहू. डोळ्यात प्रकाश वाकविण्याचे काम आतील भिंग करते, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि शालेय पुस्तकांतील आकृत्या ती दृढ करतात. वास्तविक त्या कामाचा मोठा वाटा बुबुळापुढील स्वच्छ पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा आहे. चष्म्याचा नंबर ज्या मापाने मोजतात त्या डायऑप्टरच्या मापाने डोळ्याचे एकंदर बळ सुमारे ६०. पैकी चाळिसाहून अधिक एकट्या पारपटलाचे. परंतु हे बळ त्याचे स्वतःचे नव्हे, ते शेजाऱ्यावर अवलंबून असते. प्रकाश वाकतो तो दोन माध्यमांच्या वक्रीभवनांकांत अंतर असते म्हणून. हवेचा अंक १, पारपटलाचा सुमारे १.३८, अंतर मोठे, म्हणून वाकणेही मोठे. पाण्याचा अंक १.३३. पारपटलास पाणी भिडले की अंतर जवळजवळ मिटते, आणि ते चाळीस डायऑप्टर पाण्यात विरघळून जातात. निर्दोष डोळ्यास विहिरीत अधिक चाळिसाहून जास्त नंबर लागतो, असे म्हटले तरी चालेल. थॉमस यंग या इंग्रज पंडिताने १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच गोष्टीचा मोठ्या युक्तीने उपयोग केला. भिंग बसविलेली पाण्याने भरलेली लहान नळी त्याने स्वतःच्या डोळ्यास लावली, पारपटल अशा रीतीने निकामी केले, आणि तरीही जवळदूर पाहण्याची शक्ती शाबूत राहते, सबब ती शक्ती आतील भिंगाची आहे, हे सिद्ध करून दाखविले.

यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. उणे सहा नंबराच्या मनुष्याच्या डोळ्यात प्रकाश वाकविण्याची शक्ती त्या डोळ्यास हवी त्याहून सहाने अधिक असते. विहिरीत इतरांचे त्रेचाळीस गेले, तर याची तूट सदतीसच राहते. म्हणजे उघड्या डोळ्यांनी पैसा शोधण्याच्या शर्यतीत चष्मेवाला निर्दोष डोळ्याच्या किंचित पुढेच! अर्थात आंधळ्यांच्या पंक्तीतील या अग्रपूजेने कोणाचे समाधान होणार नाही.

मग जलचरांचे कसे चालते? माशाचे भिंग गोटीसारखे गोल असते आणि पारपटलाचे काम तेच एकटे करते. शिजलेल्या माशाच्या डोळ्यातून निघणारी पांढरी गोळी ती हीच, असे खाणारे सांगतात. चणकापूरच्या धरणावर पाणकावळे बुड्या मारताना पुष्कळांनी पाहिले असतील; तो पक्षी आपले मऊ भिंग बुबुळाच्या कड्यातून पिळून पुढे काढतो आणि सुमारे ५० डायऑप्टरपर्यंतची तूट भरून काढतो. मनुष्यातही एक उदाहरण आहे. अंदमानच्या समुद्रात, थायलंडच्या सुरीन बेटांवर, मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक राहतात. त्यांची मुले पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुप्पट बारीक पाहतात, असे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या आना गिस्लेन या विदुषीने २००३ साली दाखविले. ती मुले पाण्यात डोळ्याची बाहुली शक्य तितकी लहान करतात आणि भिंग ताणतात. पुढे स्वीडनमधील मुलांसही सरावाने ही कला साधली, तेव्हा हे वंशाचे नव्हे, अभ्यासाचे फळ आहे. तथापि या अभ्यासाने मोठ्यांचे काम भागणार नाही. वयाबरोबर भिंग कठीण होत जाते. ज्यास वर्तमानपत्र वाचण्यास चाळिशी लागते, त्याचे भिंग समुद्रात कोठून ताणले जाणार?

यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे पारपटलास त्याचा जुना शेजारी परत मिळवून देणे. पाणबुड्याचा मास्क म्हणजे डोळ्यांपुढे कोंडलेली हवा आणि तीपुढे सपाट काच, याहून अधिक काही नाही. या काचेतून पदार्थ खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर आणि म्हणून सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो. चार हातांवरचा मासा तीन हातांवर वाटतो, आणि वर आल्यावर जो तो आपण पाहिलेल्या माशाची लांबी वाढवून सांगतो, त्यात सगळाच दोष जिभेचा नसतो. काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आडचा पदार्थ डोळ्यास कसा दिसतो, ही शंका न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात उपस्थित केलेली आहे; त्या सूत्रकारांस काचेपलीकडे समुद्र असलेले उदाहरण मिळते, तर त्यांनी ते सोडले नसते, असे आम्हांस वाटते.

हा मास्क नाकासह चेहरा झाकतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. समुद्रात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्म्यावर येऊ पाहते. त्या वेळी नाकावाटे थोडी हवा आत सोडली की तोल साधतो. न सोडली, तर मास्क तुंबडीप्रमाणे चेहरा ओढू लागतो आणि डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळे लालभडक होतात. पोहण्याच्या तलावातील नुसता डोळ्यांपुरता गॉगल, मग त्यात नंबराची काच का असेना, स्कूबास निषिद्ध आहे तो याचमुळे. नाक त्याच्या बाहेर राहते.

आता हा विषय आमच्या घरात कसा आला ते सांगावयास हवे. आमच्या थोरल्या बंधूंची नात मत्स्यविज्ञानाचा अभ्यास करते. प्रवाळ आणि त्यावर राहणारे मासे यांची मोजदाद हा तिच्या पुढील शिक्षणाचा विषय. मालवणचा सागरी भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, सरखेल आंग्र्यांचे नाव धारण करणारा, पाण्याखाली बुडालेला आंग्रिया बँक नावाचा प्रवाळाचा उंचवटा आहे; त्याची तर तिला स्वप्ने पडतात. हे काम पाण्यात उतरल्यावाचून होत नाही. मुलीचा नंबर उजव्या डोळ्यास उणे साडेसहा, डाव्यास उणे सहा, शिवाय उजव्यास पावणेदोनचा दंडगोल नंबर. घरात साहजिकच दोन पक्ष पडले. “भाऊजी, हिला जमिनीवर चष्म्यावाचून दाराची कडी सापडत नाही, आणि ही समुद्रात मासे मोजणार?” असे आमच्या वहिनी म्हणाल्या. बंधूंचे म्हणणे, विषय बदलावा; वनस्पतिशास्त्र काय वाईट आहे? मुलगी गप्प बसली, आणि आमच्या घरातील मुली गप्प बसल्या म्हणजे त्यांचा निश्चय झालेला असतो. तेव्हा वाद न घालता, या अडचणीस उपाय आहे की नाही एवढेच पाहण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. पुढील माहिती त्या खटपटीचे फळ आहे.

चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही. त्याच्या काड्या कानाकडे जाताना मास्कच्या रबरी कडेखालून जातात आणि तेवढ्या फटीतून पाणी आत येते. चष्मा मास्कच्या बाहेर लावण्याची कल्पनाही टिकत नाही, कारण दोन्ही बाजूंस पाणी असले की काचेचे बळ एक तृतीयांशाच्या थोडे वर एवढेच उरते. उरला मार्ग मास्कच्या काचेतच नंबर आणण्याचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत निर्धोक. यात शास्त्र असे की, पाण्याकडील बाजू अगदी सपाट ठेवावयाची आणि सर्व खोलगटपणा आतील, हवेकडील बाजूस द्यावयाचा. आतील बाजूस हवेत आणि समुद्रात सारखीच हवा असल्यामुळे नंबरही दोन्हीकडे सारखा राहतो. आपल्या नेहमीच्या चष्म्याची काच बाहेरून फुगीर असते. ती तशीच पाण्यास लावली तर नंबर बिघडतो.

काही मास्कांच्या दोन काचा सुट्या निघतात आणि त्यांच्या जागी तयार नंबराच्या काचा बसतात. त्या साधारणपणे अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या अंतराने मिळतात, पण त्यांत दंडगोल नंबर नसतो. दंडगोल थोडा असेल तर त्याचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवून भागविता येते. आमच्या नातीसारखा पावणेदोनचा असेल तर कडा दुहेरी दिसतात. उणे नंबरवाल्याने अगदी पुऱ्या नंबराचा हट्ट धरू नये. मालवणच्या पाण्यात काही मीटरांपलीकडचे बहुधा दिसतच नाही, आणि जे दिसते ते काचेमुळे आणखी जवळ भासते. तेव्हा पाव-अर्धा नंबर कमी असला तरी काही अडत नाही.

ज्यास बारीक काम करावयाचे आहे त्याने मात्र आपल्या कागदाप्रमाणे काच घासून मास्कच्या काचेस आतून चिकटवून घ्यावी. येथे दोन मापे कारागिरास आवर्जून द्यावी लागतात. एक, दोन बाहुल्यांतील अंतर. दुसरे, मास्कची काच डोळ्यापासून किती दूर आहे ते. कारण चष्म्याची काच डोळ्यापासून बाराएक मिलिमीटरवर असते, मास्कची त्याच्या दुप्पट अंतरावर असू शकते, आणि उणे नंबराची काच दूर नेली की तिचे बळ कमी पडते. बारा मिलिमीटरांच्या फरकाने साडेसहाचा नंबर सातपर्यंत जातो. पहिल्या खेपेस ज्या दुकानदाराकडे आम्ही गेलो त्याने सर्व ऐकून घेतले, मान हलविली, आणि पंधरा दिवसांनी नेहमीच्या चष्म्यासारख्या दोन्हीकडून वाकलेल्या काचा करून दिल्या. त्या सपाट काचेवर बसेनात. दुसऱ्या शहरातील कारागिराने सपाट-खोलगट काचा बरोबर केल्या, परंतु मास्क त्याच्याकडे तीन आठवडे राहिला. यावरून, हे काम मालवणास निघण्याच्या आदल्या दिवशी होणारे नव्हे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

चाळिशी उलटलेल्यांची अडचण वेगळी. त्यांना दूरचा मासा दिसतो, पण मनगटावरील खोलीचे माप आणि टाकीत हवा किती उरली ते दाखविणारी तबकडी दिसत नाही. आणि शिक्षकाच्या हातास धरून न जाता जो स्वतंत्रपणे उतरतो, त्याचे प्राण त्या तबकडीवर अवलंबून असतात. अशांसाठी अर्धचंद्राकृती लवचीक भिंगे मिळतात. ती पाण्याने ओली करून मास्कच्या काचेच्या खालच्या भागास आतून चिकटवावयाची. नजर खाली केली की आकडे दिसतात, वर केली की मासे.

काँटॅक्ट लेन्स वापरणारे विचारतात, त्या घालून उतरावे काय? मऊ लेन्स घालून उतरता येते. पुष्कळ पाणबुडे तसे करतातही. कठीण लेन्स मात्र वर्ज्य. खाली असताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बाहेर पडू लागतो, आणि ज्या लेन्समधून वायू पार होत नाही तिच्यामागे त्याचे बुडबुडे अडकून पारपटलास सूज येते. दिव्यांभोवती कडी दिसू लागतात आणि दृष्टी धूसर होते. अमेरिकन नौदलातील संशोधकांनी ही गोष्ट १९७८ साली प्रसिद्ध केली. मऊ लेन्सलाही दोन पथ्ये आहेत. मास्कमध्ये पाणी शिरले, आणि शिक्षणात ते मुद्दाम शिरू द्यावे लागते, तर डोळे मिटावेत. नाही तर लेन्स समुद्रार्पण होते. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. एका दिवसापुरत्या लेन्स घालाव्यात आणि वर आल्यावर टाकून द्याव्यात. त्या नळाच्या वा विहिरीच्या पाण्याने धुऊन पुन्हा घालू नयेत. गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो, तो लेन्सखाली घर करून पारपटल पोखरतो, आणि त्यात डोळा गमावल्याची उदाहरणे आहेत. आम्ही नातीस काचेचाच मार्ग सुचविला तो याच कारणाने. ज्यास वर्षातून एकदा अर्धा तास उतरावयाचे आहे त्यास एका दिवसाची मऊ लेन्स सोयीची पडेल. साधा चष्मा होडीत जवळ ठेवावा, हे सांगणे न लगे.

मास्कच्या काचेवर आतून वाफ धरते, तिचा उपाय अगदी घरगुती आहे. नव्या काचेवर कारखान्यातील चिकट थर असतो तो दंतमंजनाच्या लगद्याने घासून काढावा, आणि उतरण्यापूर्वी काचेस आपलीच थुंकी चोळून ती हलकेच विसळावी. हे ऐकून वहिनींनी कपाळास हात लावला. परंतु थुंकीने पाण्याचे थेंब न बनता पातळ पापुद्रा बनतो आणि काच स्वच्छ राहते, यास इलाज नाही.

मध्यंतरी आप्तांपैकी एकाने सल्ला दिला की, लेसरची लॅसिक शस्त्रक्रिया करून चष्माच घालवावा, म्हणजे समुद्रही साधेल आणि लग्नही. लग्नाविषयी आम्ही बोलत नाही. समुद्रापुरते म्हणावयाचे तर, अशी शस्त्रक्रिया झालेला मनुष्य साधारण एक महिन्यानंतर, डॉक्टरांच्या अनुमतीने, निर्वेध उतरू शकतो. परंतु ज्याचे पारपटल मुळात पातळ आहे किंवा ज्याचा नंबर अद्याप वाढत आहे त्याने ती करू नये, असे नेत्रवैद्यच सांगतात. नातीचा नंबर गेल्या वर्षापर्यंत वाढत होता. काचेने भागणाऱ्या कामासाठी डोळ्यास शस्त्र लावणे आम्हांस तरी सयुक्तिक वाटले नाही, आणि डॉक्टरांचेही मत तेच पडले. जुन्या पद्धतीची, पारपटलास किरणांसारखे उभे छेद देण्याची शस्त्रक्रिया ज्यांची पूर्वी झाली आहे त्यांनी अधिक जपावे. त्या छेदांच्या जागा कायमच्या दुबळ्या राहतात, आणि मास्क चेहऱ्यास ओढू लागला तर ताण त्यांवर येतो.

नात दिवाळीनंतर तारकर्लीस पंधरवडा राहून शिक्षण पुरे करून आली. किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर तिने माशांच्या किती जाती मोजल्या ते तिने वहिनींस सांगितले, आणि वहिनींनी ते ऐकून घेऊन एकदम विचारले, “भाऊजी, माझा मोतीबिंदू काढला आहे, मला चालेल का हो?”

प्रश्न थट्टेचा नव्हे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले, आणि आज घरोघरी आजी-आजोबांच्या डोळ्यांत ते आहे. हे भिंग घन पदार्थाचे असते, डोळा द्रवाने भरलेला असतो, आणि घन व द्रव दाबाने दबत नाहीत. सबब जखम पूर्ण भरून आल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. जखम भरण्यास एक ते तीन महिने धरतात. किती, ते शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच सांगावे. पाणबुड्यांच्या आरोग्यपत्रकात गेल्या तीन महिन्यांत डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय, असा प्रश्न असतो. होडी सुटण्याच्या घाईत त्यावर ‘नाही’ अशी खूण करून मोकळे होणारे लोक असतात. वहिनींस आम्ही सांगितले की, डोळ्याची हरकत नाही, रक्तदाबाचे मात्र डॉक्टरांस विचारावे. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांची लेखी अनुमती घेतल्यावाचून समुद्राचे नावही काढू नये.

भय आहे ते जेथे डोळ्यात हवा आहे तेथे. मागील पडदा सरकला असता तो जागी बसविण्यासाठी कित्येकदा डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. वायूच्या प्रकाराप्रमाणे तो दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत आत राहतो. असा डोळा पाण्याखाली नेला तर बुडबुडा आक्रसतो, वर येताना फुगतो, आणि त्या दाबाने दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यासाठी समुद्रच पाहिजे असे नाही. विमानप्रवास अशा रोग्यास वर्ज्य असतो, आणि उंच घाट चढतानाही बुडबुडा फुगतो. आमच्या भागातील रोगी ही शस्त्रक्रिया मुंबईस करवून कसारा घाटाने घरी परततात. त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांस आपण कोठे आणि किती उंचीवर राहतो ते सांगावे, आणि बुडबुडा जिरल्याचे त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच प्रवासाची तयारी करावी.